सतराव्या मडक्यातली हाडं

आप्पा, तुम्ही फोडलेली मडकी पुन्हा उभी राहिली. सगळी नाहीत, अकरा. बाकीच्यांचे तुकडे कमी पडले. पण सतरा नंबरचा जोड, तोंडाला तोंड लावून आडवा पुरलेला, ज्यात ते पोर होतं, तो उभा राहिलाय आणि त्याचा फोटो तुमच्या पुस्तकात पानभर येणार आहे. होय, तुमचं पुस्तक. तुम्हाला जाऊन तीस-बत्तीस वर्षं झाली, तुमच्या वह्या पिवळ्या पडल्या, आणि आता ते छापून निघतंय. तपासायची पहिली पानं माझ्याकडं रद्दी म्हणून राहिली. मागची बाजू कोरी दिसली, वाया कशाला घालवायची म्हणून तीवरच लिहायला बसले आहे. पूजा उरकली, विभूती लावली, स्वयंपाकाची घाई नाही. सोमवारी ती मुलगी येणार, जी हे पुस्तक तयार करते आहे, आणि मला एकच विचारणार: हाडं कुठं आहेत? तुमच्या वहीत सतरा नंबरपुढं लिहिलंय, ‘अस्थी घरच्यांनी नदीत टाकल्या.’ ते खोटं आहे, आप्पा. तुम्हाला ते मरेपर्यंत खरं वाटलं, कारण ते मी सांगितलं होतं.

शाहूपुरीतल्या त्या दोन खोल्या आठवतात का? बाहेरच्या खोलीत तुमचं टेबल, आतल्या खोलीत चूल, आव्वा, मी आणि माझा धाकटा भाऊ. तुम्ही कॉलेजात इतिहास शिकवायचा आणि दिवाळी झाली की नदीकाठच्या त्या टेकाडावर खणायला जायचा. पोती भरून खापरं घरी यायची. आव्वा ती धुवायची, भाकरीचं पीठ मळायच्या परातीत, दुसरी परात नव्हती म्हणून. मग मी नंबर घालायचे. नखाएवढ्या खापरावर टाकानं, काळ्या शाईनं: खड्डा कितवा, थर कितवा, मडकं कितवं. मी नववीत होते. तुम्ही म्हणायचा, ‘पोरीचा हात छापल्यासारखा हाय.’ एवढ्या एका वाक्यावर मी महिनामहिना खापरं रंगवली. एकदा चाळीस तुकड्यांवर थराचा नंबर चुकला. तुम्ही पट्टी उभी धरून माझी बोटं फोडलीत, पेरं सुजली, आणि मग त्याच बोटांनी चाळीसही तुकडे पुसून पुन्हा लिहायला लावलंत. ‘खापर खोटं बोलत न्हाय. खोटं बोलतो तो नंबर घालणारा,’ असं म्हणालात. आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून नवा टाक आणलात, पितळी टोपणाचा, माझ्यासाठी. मारणारा हात आणि देणारा हात एकच असला की लेकराला दोन्ही सोसावं लागतं. मी तो टाक घेतला. आनंदानं घेतला, हे कबूल केलं पाहिजे.

जेवताना तुम्ही थडग्यांच्याच गोष्टी सांगायचा. त्या काळची माणसं घराच्या जमिनीखालीच मेलेलं माणूस पुरायची, उशापायथ्याशी मडकी ठेवायची, आणि मोठ्या माणसाचे पाय घोट्याखाली तोडून टाकायची. आव्वानं हातातला घास खाली ठेवला. ‘मेलेल्याचे पाय तोडायचे? का म्हणून?’ तुम्ही हसलात. ‘उठून परत जाऊ नये म्हणून. घरातलं माणूस घरातच ऱ्हायला पायजे की.’ मग तुम्ही आमटी ओरपलीत. आव्वा त्या दिवशी उपाशी उठली. आपण लिंगायत मेलेल्या माणसाला मांडी घालून बसवतो, कपाळाला विभूती लावतो, मीठ घालतो आणि माती देतो. पुरलेलं उकरत नाही. तुम्ही उकरत होता, आणि ते आमच्याच चुलीपुढं आणून ठेवत होता. तुम्हाला त्यात गैर दिसलं नाही, तिला दुसरं काही दिसत नव्हतं.

सतरा नंबर आला तो दुपारी. दोन मडकी, काळी-तांबडी, आत माती घट्ट बसलेली. तुम्ही कुंच्यानं माती झाडत होता आणि मी शेजारी वही धरून बसले होते. आधी कवटीचे टवके दिसले, मग बरगड्या, काडेपेटीतल्या काड्यांसारख्या. तुम्ही आव्वाला हाक मारलीत, चांगलं काही दाखवताना मारतात तशी.

‘बघ, पोर हाय. दीड-दोन वर्षांचं. दाताचे कोंब बघ कसे राहिलेत.’

‘झाका ते.’

‘अगं, तीन हजार वर्षांचं हाय.’

‘म्हणून काय झालं? कुणाचं तरी हाय की.’

‘सवडीनं दात सोडवून वेगळे काढतो,’ तुम्ही मला सांगितलंत, तिला नाही. पण ऐकलं तिनं. माझ्या पाठची बहीण दीड वर्षाची असताना नेसरीला, आव्वाच्या माहेरी, तापानं गेली होती. तुम्ही तिच्या मातीला आला नव्हता, टेकाडावर होता. ते पोर रॉकेलच्या डब्याशेजारी, फडताळाच्या खालच्या कप्प्यात ठेवलं गेलं. आव्वा दिवा लावायला त्या बाजूला जायची तेव्हा पदर तोंडाला लावायची.

तुम्ही दोन दिवस टेकाडावर गेलात. तुमची पाठ फिरल्यावर तिनं हाडं एका खणात बांधली, माझ्या दप्तरात घातली, धाकट्याला शेजारच्या काकूंकडं सोपवलं आणि आम्ही एसटी धरली. गडहिंग्लजपर्यंत एक, पुढं नेसरीला दुसरी. दप्तर मी मांडीवरून हलवलं नाही. समोरचा फेटेवाला आव्वाला म्हणतो, ‘पावणं, पोरगी लई अभ्यासू दिसतीया. दप्तर घटकाभर खाली ठेवंना!’ सगळे हसले. आव्वाही हसली. मी दप्तराचा पट्टा मनगटाला गुंडाळला. बहिणीच्या मातीशेजारी आम्ही खुरप्यानं हातभर खोल खणलं. मातीचे विधी करणारा जंगम बोलावला नाही, तो विचारेल कुणाचं म्हणून. तिनंच विभूती टाकली, मीठ टाकलं, बेलाची पानं ठेवली. ‘नीज आता,’ म्हणाली. मला म्हणाली, ‘जीव गेला तरी सांगायचं न्हाय.’ कुणाचा जीव ते बोलली नाही.

पुढचं तुम्हाला सांगायला नको, तुम्हीच केलंत. पण तुम्ही वहीत लिहिलं नाहीत, म्हणून मी लिहिते. पहिल्या दिवशी हातानं. कानशिलात, पाठीत, केस धरून भिंतीवर. ‘कुठं हाईत?’ ती गप्प. दुसऱ्या दिवशी लाल-पांढऱ्या पट्ट्यांची मापाची काठी घेतलीत, फोटो काढताना थडग्याशेजारी ठेवता तीच, टोकाला लोखंड बसवलेली. ती पाठीवर बसली की आवाज आधी यायचा आणि आव्वाचा श्वास मागून. मी चुलीपुढं बसून भाकऱ्या थापत होते, कारण तुम्ही जेवणार होता. तिसऱ्या दिवशी ती उंबऱ्याकडं सरकली. पळायला नव्हे, तोंड धुवायला. तुम्ही ओरडलात, ‘कुठं निघालीस? पायच तोडतो, मग बघू कुठं जातीस!’ आणि काठीचं लोखंडी टोक तिच्या घोट्यावर घातलंत. एकदा. दुसऱ्यांदा. हाड मोडल्याचा आवाज सुकी काटकी मोडल्यासारखा नसतो, आप्पा. तो ओला असतो. तिसऱ्यांदा काठी वर गेली तेव्हा मी उठले.

‘नदीत टाकली. पंचगंगेत. मी टाकली.’

तुम्ही काठी खाली घेतलीत. मला मारलं नाहीत. मी आजतागायत विचार करते की का मारलं नसेल. तुम्ही बाहेरच्या खोलीत गेलात, फळीवरून एक नंबरचं मडकं उचललंत, डोक्यावर धरलंत आणि फरशीवर आपटलंत. मग दोन नंबर. मग तीन. ओळीनं, नंबरानं. चार महिने बसून जोडलेली मडकी. तुमचा तळवा कापला, रक्त कोपरापर्यंत आलं, तरी थांबला नाहीत. सतरा नंबर उचलला नाहीत. खाली ठेवून लाथ घातलीत. मग त्या खापरांत बसलात आणि गुडघ्यांत डोकं घातलंत. आतून, भिंतीला टेकून, मोडक्या पायानं आव्वा म्हणाली, ‘पोरी, भाकरी करपली बघ.’

हाडवैद्याला सांगितलं, जिन्यावरून पडली. पाय वाकडाच बसला, मरेपर्यंत ती फरफटत चालली. तुम्ही पुन्हा टेकाडावर गेला नाहीत. पुरातत्त्व खात्याला कळवलंत की मडकी गाडीत फुटली. वहीत नदीची ओळ लिहिलीत, वही मिटलीत आणि निवृत्त होईपर्यंत मुलांना राजांच्या लढाया शिकवत राहिलात. लोक तुम्हाला बघून हात जोडायचे. खापरं टाकून दे म्हणालात, ती मी टाकली नाहीत. इतक्या मेहनतीनं नंबर घातलेली वस्तू मला टाकवत नाही. तेलाच्या पाच डब्यांत भरली आणि मॅट्रिक होऊन लग्न झालं तेव्हा सासरी नेली. सासूबाईंना डबा उचलेना. ‘माहेरचं सोनं आणलंस व्हय गं एवढं?’ ‘खापरं हाईत, आत्याबाई.’ ‘आमच्याकडं कमी हाईत काय!’ आयुष्यभर त्या पाहुण्यांना ते सांगून हसल्या. डबे माळ्यावर राहिले.

दोन वर्षांपूर्वी ती मुलगी आली. जुन्या कागदांत तिला तुमच्या कामाची एक पानभर माहिती सापडली होती, पुढं काहीच नव्हतं, म्हणून ती घर शोधत आली. मी डबे खाली काढले. तिनं पहिला तुकडा पालथा केला, दुसरा केला, आणि मटकन खालीच बसली. ‘काकू, प्रत्येकावर नंबर आहे हो! हे अक्षर कुणाचं?’ माझं, म्हटलं. तुमच्यानंतर माझ्या हाताला चांगलं म्हणणारी तीच. मग आम्ही दोघींनी जोडायला घेतलं. परातीत वाळू भरायची, त्यात खापर उभं करायचं, कडेला सरस लावायचा, दुसरं टेकवायचं आणि वाट बघायची. स्वयंपाक झाला की रोज. दोन वर्षं. तुमच्या वह्या मी तिला वाचून दाखवायचे, कारण तुमची अक्षरं तिला लागत नव्हती. तोडलेल्या पायांचा भाग आला तेव्हा मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठले.

सतरा नंबर जोडत होतो तेव्हा तिनं भिंग लावलं. ‘काकू, हे तडे जुने नाहीत. कडा ताज्या आहेत. सरांनी लिहिलंय गाडीत फुटली, पण गाडीत फुटलं असतं तर असं कसं? इथं पोटावर एकच मार आहे आणि तिथून सगळ्या भेगा फुटल्यात.’

‘लाथ आहे ती,’ मी म्हणाले.

मला ते बोलायचं नव्हतं. पण खापर बोललं होतं, आणि मी नंबर घालणारी. सगळं सांगितलं तिला. काठी, घोटा, नदीचं खोटं. हाडं पुरली हेही सांगितलं. फक्त कुठं ते नाही. ती नोंदवही ओढून म्हणाली, ‘काकू, आता दाताच्या एका कणावरूनसुद्धा पुष्कळ कळतं. ते पोर काय खात होतं, कधीचं होतं. सरांना हे करता आलं नाही. तुम्ही जागा सांगा, मी हळूच काढीन. परत ठेवीन.’ मी नाही म्हणून मान हलवली. ‘मग मला अर्धंच कशाला सांगितलंत?’ ती चिडली. ‘हे पुस्तकात लिहू की नको? लोक मला विचारतील, तुला माहीत असून शोधलं का नाहीस म्हणून.’ सोमवारपर्यंत विचार करा, म्हणाली. तिच्यावर माझा राग नाही. तिला ते पोर हवंय, तुमच्यासारखंच. फरक एवढाच की ती मागते आहे. आणि तुमच्या सतरा नंबरचा जुना फोटो तिनं पहिल्या पानासाठी निवडलाय, त्यात मडक्याशेजारी ती लाल-पांढरी काठी आडवी पडलेली आहे. मी म्हटलं, ही काठी फोटोतून काप. ती म्हणाली, ‘मापाला हवी की, काकू, त्याशिवाय मडकं केवढं ते कसं कळणार?’ बरोबर आहे तिचं. मी फोटो पालथा घातला.

काल धाकटा आला. त्याला त्या मुलीनं फोन केला होता, वारस म्हणून सही हवी होती, आणि मी सांगितलेलं तिनं त्यालाही सांगितलं होतं. चपला न काढता आत आला.

‘अक्का, तू पुस्तक काढतीस का बापाचं मढं उकरतीस?’

‘बस. पाणी घे.’

‘पाणी गेलं खड्ड्यात!’ तांब्या त्यानं भिंतीवर फेकला, पोपडा उडाला. ‘आप्पांनी हात उगारलेला मी बघितला न्हाय कधी. कोल्हापुरात इज्जत हाय त्या माणसाला. आव्वा जिन्यावरनं पडली व्हती!’

‘आपल्या घराला जिना होता का रे?’

आव्वाचा पाय मोडला तेव्हा तो तीन वर्षांचा होता, पण त्याच घरात मोठा झाला, दोन खोल्या, सपाट. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं आणि ते त्याला नकोसं झालं. त्यानं टेबलावरचं सतरा नंबरचं एक मडकं उचललं आणि डोक्यावर धरलं. अगदी तुमच्यासारखं, आप्पा, कोपर तसंच बाहेर. मला वाटलं होतं मी डोळे मिटीन, पण नाही मिटले.

‘फोड,’ मी म्हणाले. ‘पुन्हा जोडीन. नंबर हाईत सगळ्यांवर.’

मडकं खाली ठेवताना त्याची अंगठी घासून एक टवका उडाला. तो त्यानं उचलून माझ्या हातात दिला. सही केली की नाही ते बोलला नाही. दारात म्हणाला, ‘लंगडायची ती. मला वाटायचं तशीच हाय.’

तेव्हा मी ठरवलं. सोमवारी त्या मुलीला माझ्या अक्षरात लिहिलेली ओळ देणार आहे, नदीच्या ओळीच्या जागी छापायला: ‘ही मडकी खणणाऱ्यानेच घरी फोडली. सतरा क्रमांकातील अस्थी त्याच्या पत्नीने व मुलीने पुन्हा पुरल्या. मुलीला जागा ठाऊक आहे. ती सांगत नाही.’ ती भांडेल, भांडू दे. तुमचं नाव वर मोठ्या अक्षरात राहील, ते मी काढणार नाही. काम चांगलं आहे तुमचं. वाचताना कितीदा वाटलं की असं काम करणारा माणूस माझा बाप आहे, आणि कितीदा वाटलं की वहीची पानं फाडून चुलीत घालावीत. नेसरी हे नाव मात्र फक्त या कागदावर आहे. उद्या आंघोळीच्या पाण्याला बंब पेटवताना हे त्यात जाईल. तुम्ही समोर असता तर एक ओळही लिहिली नसती. आजसुद्धा मार चुकवायला आधी हात डोक्यावर घेतले असते.

एक राहिलं. अर्धांगवायूनं तुम्ही माझ्याकडं पडून होता, तेव्हा आव्वा जाऊन वर्ष झालं होतं. एका सकाळी तुम्ही वाकड्या तोंडानं विचारलंत, ‘नदीत कुठं टाकलीस गं?’ लपवायला कुणासाठी काही उरलं नव्हतं. तुम्ही काठी उचलणार नव्हता, चमचा उचलत नव्हता. नेसरी म्हणायला एक श्वास लागला असता. मी म्हणाले, ‘घाटाच्या डाव्या अंगाला, जिथं धार वेगात असते तिथं.’ इतकं बारीक खोटं, पुन्हा एकदा. तुम्ही लहान मुलासारखे रडलात. मी चमच्यानं पाणी पाजत राहिले. इतकी वर्षं देवापुढं बसते, पण हे त्याच्यापुढं बोलले नाही. तुम्ही रडत होता, आप्पा, आणि मला बरं वाटत होतं. अजूनही वाटतं.